शंभर पेसेता आणि रेणुकाईचा टाक

मी शंभर पेसेतांचे एक जुने चांदीचे नाणे आहे, मित्रांनो, आणि मला विस्तवाची फार भीती वाटते.

माझा जन्म स्पेन देशाच्या टांकसाळीत झाला. माझ्या अंगावर तेथील हुकूमशहाचा चेहरा उमटवला गेला आणि भोवती अक्षरे आली, ‘देवाच्या कृपेने स्पेनचा नेता’. त्याच्याविषयी लोक दारे लावून बोलत. पुढे तो वारला आणि मी एका खणात पडून राहिले.

१९८४ साली कडधान्यांच्या अभ्यासासाठी आलेल्या एका स्पॅनिश पाहुण्याने मला बदनापूरला आणले आणि भूगोल शिकवणाऱ्या प्रभावतीबाईंना भेट दिले. त्यांनी पत्रे धाडून त्याच राजवटीची आणखी दहा नाणी मिळवली. चांदीचे मी एकटेच. त्या मला कडेने धरीत, भिंगातून मुलांना दाखवीत. ती माझी सुखाची वर्षे होती.

एका नवरात्रापूर्वी त्यांच्या सासूबाई गिरिजाबाई यांनी ठरवले, की पिंपळगाव रेणुकाई या गावच्या घरातील देवीचा झिजलेला चांदीचा टाक नवा घडवायचा. घरात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. त्यांनी मोडकी जोडवी, फुटका करंडा काढला, सुनेची पेटी उघडून मलाही त्याच फडक्यात बांधले. प्रभावतीबाईंचे ओठ हलले. शब्द फुटला नाही. असे गप्प राहणे मी स्पेनमध्ये पुष्कळ पाहिले होते.

चांदी आटेपर्यंत घरच्यांनी सोनारासमोर बसावे, अशी रीत. वसंता सोनाराने आधी जोडवी मुशीत टाकली. पाहता पाहता ती खचली, वितळली, ओळखू येईनाशी झाली. मग चिमट्याने मला धरले. धग माझ्या कडांना लागली.

“थांबा,” प्रभावतीबाई सासूबाईंना म्हणाल्या. आवाज जेमतेम ऐकू आला. “आत्याबाई, ते नाणं आटवू नका.”

“चांदीच हाय न्हवं? मंग?” गिरिजाबाई म्हणाल्या. “जल्दी कर, वसंता.”

“माय, ह्याच्यावर कुण्या म्हाताऱ्याचं डोस्कं हाय,” वसंता म्हणाला. “उद्या देवीला टक्कल पडायचं.”



“कोण हा?” गिरिजाबाईंनी सुनेला विचारले.

“हुकूमशहा. देवाच्या कृपेनं नेता झालो, असं लिहून घेतलंय त्यानं.”

“देवाला इचारलं व्हतं का?”

“त्यालाच काही विचारायची कुणाची छाती नव्हती, आत्याबाई. छत्तीस वर्षं.”

गिरिजाबाई सुनेकडे वळल्या. “आन् तू? म्या पेटी उघडली तवाच का न्हाई बोललीस?”

वसंताची फुंकणी थांबली. मी चिमट्यात लटकत होते आणि खाली मूस लाल धगधगत होती.

गिरिजाबाई पायांतले चांदीचे वाळे उतरवू लागल्या. ते चाळीस वर्षांचे घट्ट बसलेले. शेवटी साबण लावावा लागला.

“हे तोल,” त्या वसंताला म्हणाल्या, “आन् त्याला बाजूला ठिव. असला माणूस माझ्या देवीत नगं.” मग सुनेकडे न पाहता म्हणाल्या, “बोलत जा गं. मी काय खाऊन राह्यले का तुला?”

मित्रांनो, आज मी पुन्हा पेटीत आहे, पण शेगडीचा वास आला की अजूनही कापरे भरते. तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. घरातली जुनी वस्तू मोडीत काढण्यापूर्वी ती कोणाच्या जिवाभावाची आहे, हे जरूर विचारा. आणि अशा स्वरात विचारा, की समोरच्याला खरे उत्तर देता यावे.