झडप उघडेपर्यंत

रुही स्क्रीन रीडरचा आवाज इतक्या वेगानं ऐकायची की शेजारी बसलेल्याला तो नुसता तडतडाट वाटे. तिची रूममेट अदिती नागपूरची. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावातल्या अपार्टमेंटमध्ये राहायला आली त्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "यार, तुझ्या लॅपटॉपमध्ये कुणी फुटाणे भाजतंय का?" रुहीला जन्मापासून दिसत नव्हतं. पडद्यावरचा मजकूर हा आवाज तिला वाचून दाखवी, आणि वर्षागणिक वेग वाढवत तिनं तो इथवर आणला होता. संथ आवाज ऐकला की तिला कुणीतरी हात धरून जिना उतरवतंय असं वाटे.

रसायनशास्त्रातल्या पीएच.डी.चं तिचं दुसरं वर्ष चालू होतं. तिचं सगळं काम एका स्पेक्ट्रोमीटरवर चाले. नमुन्यावर प्रकाश सोडायचा, नमुना कोणता प्रकाश परत देतो ते मोजायचं. आलेख तिला दिसत नसे, पण ती तो स्वरात बदलून ऐके. जिथे शिखर असेल तिथे स्वर चढे. तिच्या संयुगाचं शिखर ऐकताना कुणी जिन्याच्या दोन पायऱ्या चढून तिसरीवर थबकावं तसं वाटायचं.

मार्चमध्ये लॅबमधला कॉम्प्युटर बदलला. नव्या कॉम्प्युटरबरोबर यंत्राचं नवं सॉफ्टवेअर आलं, आणि त्यातल्या सगळ्या बटणांवर नुसती चित्रं होती. स्क्रीन रीडर त्यावरून जाताना "बटण, बटण, बटण" एवढंच म्हणे. अशा वेळी त्याला शिकवावं लागतं: हे बटण दिव्याचं, हे प्रकाश अडवून धरणाऱ्या झडपेचं, अमुक झालं की तमुक बोल. या शिकवणीच्या छोट्या प्रोग्रॅमला स्क्रिप्ट म्हणतात. रुहीच्या स्क्रिप्ट पुण्याहून तिच्याबरोबर आल्या होत्या आणि जुन्या कॉम्प्युटरवर बिनतक्रार चालल्या होत्या. नव्यावर एकही चालेना.

तिचे गाइड डॉ. योडर याच भागातल्या शेतकरी कुटुंबातले. सावकाश बोलत, शब्द तोलून मापून टाकत. त्यांनी तिला बसवून सांगितलं की स्प्रिंग ब्रेकची आठवड्याची सुट्टी संपता संपता, शुक्रवारी तिनं त्यांच्यासमोर एक नमुना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीनं मोजून दाखवावा. जमलं तर यंत्राची किल्ली तिच्याकडेच राहील. नाही जमलं, तर नियमाप्रमाणे तिच्यासोबत एक मदतनीस द्यावा लागेल, आणि मदतनीस मिळतो आठवड्यातून दोन दुपारी. म्हणजे रुहीचं संशोधनही आठवड्यातून दोन दुपारीच. हे त्यांनी अगदी मायेनं सांगितलं. खडूसपणे सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

ब्रेकमध्ये गाव रिकामं झालं. कॅम्पसच्या बसमध्ये ड्रायव्हर आणि रुही, दोघंच. अदितीनं शिकागोला चुलत बहिणीकडे जायचा बेत कॅन्सल केला, पण तो रुहीसाठी नव्हे, परीक्षेमुळे. ती दिवसभर कानात बोळे घालून अभ्यास करी. रुहीनं शास्त्र शिकलेल्या माणसानं करावं तेच केलं. स्क्रीन रीडरच्या कंपनीचं स्क्रिप्ट लिहायचं साधन अपुरं होतं, म्हणून बाहेरच्या लोकांनी केलेली साधनं तिनं शोधली, त्यातली तीन निवडली, एक तक्ता मांडला आणि तिघांना एकच काम दिलं. दिवा लाव, झडप उघड, मोज, जतन कर.

पहिल्याचं नाव तिनं पोपट ठेवलं. तुम्ही जे करून दाखवाल ते लक्षात ठेवून ते तसंच्या तसं करी. पडद्यावरची खिडकी बोटभर सरकली की मात्र ते दिव्याऐवजी भलतंच काहीतरी दाबून मोकळं होई. दुसरं सर्वज्ञ. ते पडद्याचं चित्र स्वतःच ओळखी, बटणांना स्वतःच नावं देई, आणि पडद्यावर जे जे बदलेल ते ते बोलून दाखवी. रुहीनं एक ओळसुद्धा लिहायच्या आत त्याची स्क्रिप्ट तयार. तिसरं म्हणजे नुसती कोरी पाटी. ओहायोतल्या एका निवृत्त, स्वतः अंध असलेल्या प्रोग्रॅमरनं ते केलं होतं. त्यात सगळं हातानं लिहायचं. बरोबर आलेल्या माहितीपत्रकात त्यानं आधीच बजावलं होतं की ज्यांना घाई आहे त्यांनी दुसरीकडे जावं.

तुलनेला एक माप हवं, म्हणून तिनं जुनी स्क्रिप्ट उघडली आणि पुण्यानंतर पहिल्यांदाच ती ओळीओळीनं ऐकली. आपोआप बोटं वेग कमी करत गेली.

एम.एस्सी.ला असताना ही स्क्रिप्ट दोघींनी मिळून लिहिली होती, तिनं आणि प्रीतानं. पडद्यावर कुठे काय आहे हे पाहणाऱ्यानं सांगितल्याशिवाय स्क्रिप्ट लिहिता येत नाही, आणि स्क्रीन रीडरला काय कळेल हे रुहीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मग प्रीता बघायची, रुही टाइप करायची. विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर, टोकाच्या खोलीत. तिथलं यंत्र म्हणजे आत्ताच्या स्पेक्ट्रोमीटरच्याच कंपनीचं जुनं मॉडेल, दुसऱ्या कुणीतरी वापरून दिलेलं. प्रीता लंगड्या स्टुलावर बसे आणि स्टूल टकटक करत राही. तिच्या पर्समध्ये आवळासुपारीची पत्र्याची डबी असे. विचार करताना ती डबी खुळखुळवायची, म्हणजे ती सतत विचार करत असणार. आणि बोलणं? पडदा वाचून दाखवताना ती क्रिकेटची कॉमेंट्री करायची. डाव्या कोपऱ्यात हिरवं काहीतरी आलं, आता पिवळं झालं, आता मेलं हललं, अगं सर आले बाहेर, थांब, गेले, हां, आता पुन्हा हिरवं. त्या काळी रुही स्क्रीन रीडर अगदी संथ लावून ठेवी, प्रीतालाही कळावा म्हणून. जुन्या आवाजाला देवनागरी वाचता येत नसे. प्रीतानं मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले आणि तो आवाज एखाद्या गोऱ्या पाद्र्यासारखा "दी-वा" आणि "झा-डाप" म्हणायला लागला, तेव्हा दोघी इतक्या हसल्या होत्या की शेजारच्या लॅबमधून माणूस बघायला आला.

प्रीता आता नाशिकला औषधांच्या कंपनीत होती. पहिल्या वर्षी दर रविवारी फोन होई. मग सणावारी. मग वाढदिवसाला एकमेकींना केकची चित्रं पाठवणं उरलं, त्यातलंही रुहीला "चित्र" एवढंच ऐकू येई.

स्क्रिप्टमध्ये एक जागा तिला खटकली. झडप उघडण्याचा हुकूम दिल्यावर आवाज "झा-डाप" म्हणे आणि मग स्क्रिप्ट गप्प बसे. स्पेसबार दाबेपर्यंत काहीच बोलायचं नाही, काहीच करायचं नाही. स्पेसबार ती इतकी वर्षं सवयीनं दाबत आली होती, पण का, ते रुहीला आठवेना. नव्या सॉफ्टवेअरमध्ये झडप उघडली की पडद्यावर "तयार" असं येतच होतं आणि सर्वज्ञ ते लगेच वाचत होतं. नवशिक्या वयातला अडाणीपणा, असं म्हणून तिनं ती जागा मापातून काढून टाकली.

तीन दिवस ती घरी, यंत्र न जोडता, सॉफ्टवेअरच्या डेमोवर चाचण्या घेत राहिली. सर्वज्ञ सगळ्या रकान्यांत पुढे होतं. वेग, अचूकपणा, कष्ट. तिनं तक्ता अदितीला वाचून दाखवला. अदिती म्हणाली, निकाल लागलाय की, आता हॉटेलात जेवायला घाल.

बुधवारी ती लॅबमध्ये गेली आणि खऱ्या यंत्रावर सर्वज्ञ लावलं. दिवा लागला, झडप उघडली, तयार, मोजतोय, झालं, जतन केलं. आवाजानं हे सगळं एका दमात सांगितलं. तिनं आलेख ऐकला. सपाट. एकच मंद स्वर, रिकाम्या फ्रिजच्या घुमण्यासारखा. पुन्हा केलं. शिखर आलं, दोन पायऱ्या आणि थबकणं. पुन्हा केलं. सपाट.

तिनं नमुना बदलला. द्रावण ताजं केलं. दिवा निवू दिला, परत लावला. कधी शिखर, कधी सपाट, आणि दर वेळी आवाज त्याच आत्मविश्वासानं "तयार" म्हणे. संध्याकाळी बसमध्ये ती पहिल्यांदा मदतनिसाबरोबरच्या त्या दोन दुपारी मनात घोळवत बसली. कुणीतरी पदवीचा मुलगा असेल, चांगला असेल, तिच्या कोपराला हात लावून खुर्ची दाखवेल. ती विचारेल, शिखर कुठे आहे? तो म्हणेल, मधोमध.

गुरुवारी सकाळी तिनं प्रीताला फोन लावला. नाशिकला संध्याकाळ होती. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"कोण मेलंय?" प्रीतानं विचारलं.

"कुणी नाही."

"मग लग्न ठरलं. अमेरिकेतनं फोन येतो तो दोनच कारणांसाठी."

रुहीनं सगळं सांगितलं. मध्ये प्रीतानं कुकर बंद केला, कुणाला तरी कोथिंबीर निवडायला बसवलं, यंत्राच्या कंपनीला दोन शिव्या दिल्या, स्वतःच्या लॅबमधल्या शिफ्टबद्दल आणि नव्या मॅनेजरबद्दल सांगितलं. रुहीला वाटलं, ही ऐकतच नाहीये. शेवटी तिनं सहज म्हणून त्या काढून टाकलेल्या जागेबद्दल विचारलं. तिथे आपण स्पेसबार का ठेवला होता गं?

पलीकडे शांतता झाली. प्रीताच्या बाबतीत ही नवलाची गोष्ट होती.

"तू विसरलीस?" प्रीता म्हणाली. "अगं, तिथे तू मला गप्प बसवायचीस."

"मी?"

"पडद्यावर हिरवं यायचं, मी ओरडायचे झालं झालं म्हणून, आणि तू म्हणायचीस, पडदा थापा मारतोय, झडप अजून उघडली नाही. ती अडकायची ना थंडीत. तुला तिचा टक् आवाज यायचा. मला कधीच आला नाही. डबी काढून घ्यायचीस माझ्या हातातली. स्टूलसुद्धा हलवू द्यायची नाहीस."

रुहीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू विसरशील, तुला काय, तू फक्त ऐकत होतीस," प्रीता म्हणाली. "मी कशी विसरेन? जन्मात मला कुणी इतकं गप्प बसवलेलं नाही."

फोन ठेवून रुही बस पकडायला धावली. लॅबमध्ये जाऊन तिनं स्क्रीन रीडर पूर्ण बंद केला आणि नुसत्या हातानं, बटणं मोजत, झडपेचा हुकूम दिला. पंख्याची घरघर होती. खिडकीबाहेर वितळत्या बर्फाचं पाणी पन्हळीतून पडत होतं. काहीच झालं नाही. मग, ती जवळजवळ नाद सोडत असताना, यंत्राच्या पोटातून आवाज आला: टक्. कुणी दातानं सुपारी फोडावी इतका बारीक.

सर्वज्ञ नेमकं या मधल्या वेळात बोलत असे. हुकूम गेला की सॉफ्टवेअर "तयार" लिहून मोकळं होई, मग झडप उघडो न उघडो, आणि सर्वज्ञ तेवढंच मोठ्यानं वाचून पुढे मोजायला लागे. त्याच्या बडबडीखाली टक् बुडून जाई. तिनं त्याला थांबवायचं ठिकाण शोधलं. नव्हतं. पडद्यावर दिसेल ते बोलायचं, एवढंच त्याला ठाऊक. पोपटाला थांबता येई, पण दर वेळी ठरावीकच वेळ, आणि झडपेला घड्याळ कळत नव्हतं. ओहायोच्या कोऱ्या पाटीच्या माहितीपत्रकात मात्र बोलण्याच्या हुकमाच्या आधी गप्प बसण्याचा हुकूम शिकवला होता. त्या म्हाताऱ्याच्या घरीही कुठलीतरी झडप अडकत असणार.

तिनं तक्त्यात शेवटी एक रकाना वाढवला: गप्प राहता येतं का. मग दिवसभर बसून कोऱ्या पाटीवर सगळं हातानं लिहिलं. बटणांची नावं जुनीच ठेवली. नवा आवाज मराठी नीट बोलू शकत होता, तरी तिनं जुना पाद्री शोधून काढला आणि त्यालाच कामावर घेतलं.

शुक्रवारी डॉ. योडर तिच्या मागे खुर्ची घेऊन बसले. खुर्ची करकरली. रुहीनं नमुना ठेवला, झाकण लावलं.

"दी-वा," आवाज म्हणाला. दिवा लागला.

"झा-डाप."

आणि शांतता. पंखा. पन्हळीतलं पाणी. डॉ. योडरनी थोडी वाट पाहिली; मग पडद्यावर तर तयार आहे असं दिसतंय, काही अडलंय का, असं आपल्या सावकाश इंग्रजीत विचारायला सुरुवात केली.

रुहीनं न वळता एक बोट वर केलं.

ते थांबले. करकरणारी खुर्चीही थांबली. त्या शांततेत रुहीचा कान नकळत डाव्या बाजूला गेला, जिथे एक लंगडं स्टूल असायचं आणि त्यावर मोठ्या मुश्किलीनं तोंड मिटून बसलेली एक मुलगी.

टक्.

तिनं स्पेसबार दाबला. मोजणी झाली. तिनं आलेख स्पीकरवर लावला आणि खोलीत दोन पायऱ्या चढून स्वर तिसरीवर थबकला. डॉ. योडरना आधी पडद्यावरचं शिखर दिसलं, मग उमगलं की आपण ते ऐकतोय. त्यांनी तो आवाज पुन्हा एकदा लावायला सांगितला. नंतर विचारलं की झडप उघडली नव्हती हे तिला कसं कळलं. तिनं सांगितल्यावर ते यंत्राला कान लावून बसले, आणि तीनदा झडप उघडायला लावूनही त्यांना काहीच ऐकू आलं नाही. किल्लीचा विषय परत निघाला नाही. ती तिच्या खिशात होती तिथेच राहिली. सोमवारी झडप दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलवू, एवढंच ते म्हणाले.

बाहेर पडण्याआधी तिनं फोन यंत्राजवळ ठेवून एकदा झडप उघडली. ते रेकॉर्डिंग, बहुतेक सगळं शांततेचंच, प्रीताला पाठवलं.

बसमध्ये बसता बसता उत्तर आलं. प्रीतानं बोलून पाठवलेला निरोप भलताच लांब होता. पलीकडे डबी खुळखुळत होती की चमचे, ते पहिल्या क्षणी कळेना. बाकी सगळे निरोप रुही तडतडाटाच्या वेगानंच ऐकायची. तिनं वेग उतरवत उतरवत अगदी खाली आणला, डोकं खिडकीला टेकलं, आणि प्रीताला सावकाश बोलू दिलं.