एबेलेची शिरगणती

शिरगणतीवाले येणार म्हणून गावातल्या सगळ्या कबरी झाकायच्या, असं मुखिया ओन्वुदिवेचं फर्मान सुटलं. उमुएके गावात माणूस गेलं की त्याला त्याच्याच अंगणात पुरतात, परक्यासारखं लांब नेऊन टाकत नाहीत. त्यामुळे घरात किती गेले ते अंगणात पाय ठेवताच दिसायचं, आणि मुखियाला नेमकं तेच नको होतं. कुणी कबरीवर चटई अंथरली, कुणी कसावाच्या कंदाचे काप वाळत घातले. एका बहाद्दराने तर बापाच्या कबरीवर बाकडं ठेवून पाहुण्यांच्या बसण्याची सोय केली.

उझोमाच्या अंगणातली कबर लहान होती. तिची थोरली, एबेले, पावसाळ्यात तापाने गेली. त्या दिवशी ओन्वुदिवेची गाडी त्याच्या दारात उभी होती, पण पेट्रोल नाही म्हणून त्याने हात वर केले. संध्याकाळी तीच गाडी एका लग्नाला चिखल उडवत गेली.

"एबेलेची आई," ओन्वुदिवे आज साखर पेरत अंगणात आला, "नुसतं नाव घ्यायचं. बाजाराला गेलीय म्हणायचं. डोकी वाढली तर दवाखाना मिळेल. रेडिओ ऐकतेस ना? अख्खी आफ्रिका वाढतेय, मग आपलंच गाव का मागे? पलीकडच्या गावात तर शेळ्यांनासुद्धा माणसांची नावं देऊन मोजलंय म्हणे!"

बरोबरचे सगळे फिदीफिदी हसले. उझोमाला शिसारी आली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं ही! पोर जिवंत होती तेव्हा तिच्यासाठी यांच्याकडे घोटभर पेट्रोल नव्हतं.

पण खरं सांगायचं तर मोह तिलाही पडला होता. लेकीचं नाव जिवंतांत घ्यायला मिळणार होतं, एकदाच का होईना. नाही घेतलं तर आपणच तिला दुसऱ्यांदा पुरतोय, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

गणतीवाला तोचुक्वू शहरातला पोरगा, घामाने निथळत आला. टॅब उघडून म्हणाला, "ताई, मुलं किती?"

"पोरं मोजू नयेत, भाऊ. दृष्ट लागते. नावं सांगते, तू घे लिहून."

तिने धाकट्यांची नावं घेतली आणि ती थांबली. ओन्वुदिवे खाकरला.

"एबेले," ती म्हणाली.

"शाब्बास! बाजाराला गेलीय ती," ओन्वुदिवेने पुढचं जोडून टाकलं.

बाजाराला! उझोमाने कबरीवरची चटई ओढून भिरकावली. "ही बघ माझी एबेले! मेलीय ती. दारात गाडी असून या माणसाने नेली नाही. लिही, हे लिही!"

तोचुक्वू मातीच्या त्या एवढ्याशा उंचवट्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर कळवळा दिसला, खोटा नव्हता तो. चला, एक तरी माणूस भेटला, असं उझोमाला वाटलं.

"फार वाईट झालं, ताई," तो हळूच म्हणाला. मग त्याने मुखियाकडे पाहिलं. मुखियाने मान डोलावली. पोराने बोट पुन्हा टॅबवर टेकवलं.

"वय काय घालू? सहा की सात?"

उझोमा त्या टॅबवर थुंकली.

त्याने बाहीने काच पुसली आणि सात घातलं.