उदाहरणातला माणूस

लवंगेतला तिखटपणा कधीच संपला होता, जिभेखाली आता नुसती काडी उरली होती. ती गिळावी की बाहेर जाऊन थुंकून यावी हे सहदेवला ठरवता येईना. मास्तरांनीच दिली होती ती, सभेला बसण्याआधी. लवंगेनं आवाज मोकळा राहतो, खाकरावं लागत नाही. सभेपुढे खाकरणारा माणूस स्वतःच्याच वाक्याला भितो, असं मास्तर म्हणत... असं पुष्कळ काही ते म्हणत. अकोल्याच्या या शाळेत, जिथे खेड्यापाड्यांत मास्तर पाठवायचे म्हणून सरकारनं वऱ्हाडातली तरणी पोरं गोळा केली होती, तिथे सकाळी नीती, दुपारी समाजाचे व्यवहार आणि उन्हं कलली की वक्तृत्व असा अभ्यास चाले. नीती सकाळी, कारण तेव्हा मन ताजं असतं. वक्तृत्व शेवटी — का, ते मास्तरांनी कधी सांगितलं नाही. पुण्याकडच्या स्वच्छ आवाजात ते एवढंच म्हणायचे, "मले नाही, मला. काहून नाही, का. आधी जीभ धुऊन घ्या, मग लोकांना शहाणपण सांगा."

सहदेवनं जीभ धुतली होती. इतकी, की दिवाळीत गावी गेला तेव्हा आईनं भाकरी वाढता वाढता हात थांबवला आणि पाहुण्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

समोर जाजमावर गावातली मोठी मंडळी बसली होती. मधल्या खुर्चीवर शाळाखात्याचे गोरे साहेब, त्यांच्या शेजारी गोवर्धनशेठ. आजचं बक्षीस शेठचं, विषयही शेठनंच सुचवलेला: व्यापारातील सचोटी. आणि ज्याचं भाषण साहेबांच्या मनास येईल त्याला तेल्हाऱ्याची नवी शाळा मिळणार, हे मास्तरांनी न सांगता सांगितलं होतं. तेल्हाऱ्यापासून सहदेवचं गाव बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. खुर्चीवर बसेन... वडील बाजाराला येतील तेव्हा शाळेच्या दारापुढून जातील, लोक म्हणतील हा त्यांचा मुलगा. निदान एक तरी मुलगा.

दुसऱ्याचं नाव जयवंता. सहदेवचा थोरला भाऊ.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, त्या वर्षी जयवंता शेती वडिलांवर टाकून अमरावतीला गोवर्धनशेठच्या वखारीत कामाला गेला. बैलांना चांदीच्या साखळ्या घालण्याचे दिवस होते ते. कोण कशाला ढेकळं फोडत बसेल! वखारीत कापसाचे ढीग माणसाच्या वर जायचे आणि फटफटताना मुनीम म्हणायचा, घागरी आणा. पाणी शिंपलं की कापूस वजनाला भरायचा. मुंबईला पोचेपर्यंत आत कुजला तर त्याला वखारीतलं कोण जबाबदार? हे सारं जयवंतानंच एकदा हसत हसत सांगितलं होतं, कारण सगळ्याच वखारींत तसं चालायचं. मग लढाई थांबली, भाव आपटला, मुंबईहून कुजलेले गठ्ठे परत येऊ लागले, चौकशी आली. चौकशीला एक माणूस लागतो. जयवंताच्या हातात घागर होती. मुनिमानं शपथेवर सांगितलं की आपण असलं काही कधी पाहिलंच नाही, आणि शेठनं मजुरांच्या ढासळत्या नीतीबद्दल चारचौघांत हळहळ व्यक्त केली. जयवंता तुरुंगात गेला.

सहदेवच्या भाषणाच्या पहिल्या खर्ड्यात हे सगळं होतं. शेठचं नाव नव्हतं, पण मुनीम होता, त्याचा हुकूम होता, शपथ होती. मास्तर रागावतील असं त्याला वाटलं होतं — रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांनी शांतपणे सगळं वाचलं, बोरू पुसून ठेवला आणि म्हणाले, "सहदेव, ही फिर्याद झाली. व्याख्यान माणसांवर नसतं, वृत्तीवर असतं. मुनीम काढ, हुकूम काढ. उदाहरण मात्र राहू दे. उदाहरणानं सभा जागी राहते."

काढत गेल्यावर एक मजूर आणि एक घागर एवढंच उरलं. आणि खरं सांगायचं तर लेख सुधारला. वाक्यं हलकी झाली, एकामागून एक डौलात चालू लागली. एक वाक्य तर असं जमलं, की नदीवर जाऊन त्यानं ते पाण्याला ऐकवलं: 'बंधुहो, त्या अभाग्यानं कापसावर पाणी ओतलं नाही, आपल्या देशाच्या अब्रूवर ओतलं.' अब्रूपाशी किंचित थांबायचं, उजवा हात हळूच खाली आणायचा. मास्तरांनी पाठ थोपटली होती.

त्याचं नाव पुकारलं गेलं. काडी त्यानं गिळून टाकली.

सुरुवात छान झाली. साहेबांना मराठी कितपत कळत होतं कोण जाणे, पण ते मान हलवत होते, आणि शेठ डोळे मिटून कीर्तन ऐकावं तसे ऐकत होते. तो उदाहरणाच्या उंबरठ्याशी आला तेव्हा त्याची नजर दाराकडे गेली. जोड्यांच्या ढिगाशी, भिंतीला खांदा टेकवून जयवंता उभा होता. डोक्यावर खुंटासारखे आखूड केस, गाल आत गेलेले. तो सुटलाय हेसुद्धा सहदेवला माहीत नव्हतं. धाकटा साहेबापुढे बोलणार म्हणून आईनं कौतुकानं सांगितलं असेल... आणि हा थेट इकडेच आला असेल, घरचं पाणीही न पिता. जयवंतानं त्याला ओळखलं आणि लहानपणी झाडावर चढलेल्या सहदेवकडे खालून बघायचा तसा तोंडभर हसला.

वगळता आलं असतं. एवढा परिच्छेद ओलांडून पुढच्या मुद्द्यावर जाता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. मास्तरांनी भुवई उंचावली असती इतकंच. त्यानं तसं ठरवलंही — ठरवलं होतं मी, नक्की ठरवलं होतं — पण तोंडातून मागचं वाक्य निघून गेलं होतं आणि त्याच्या मागोमाग ते वाक्य आपोआप उभं राहिलं होतं, न्हाऊन-माखून, सजून. त्याला परत घरात ढकलायचं कसं? नोकरीचा विचार त्या क्षणी नव्हता. शेठची भीती नव्हती. भीती असती तर निदान भ्याड म्हणून स्वतःला ओळखता आलं असतं. होता तो फक्त त्या वाक्याचा मोह. 'बंधुहो, त्या अभाग्यानं...' हात हळूच खाली आला. अब्रूपाशी तो बरोबर थांबला. सभा अगदी गप्प झाली, आणि मग टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या टाळ्या दाराकडे सरकत गेल्या, दाराशीही कुणी वाजवल्या. तिकडे त्यानं बघितलं नाही.

शेठनं स्वतःच्या हातानं त्याच्या खांद्यावर शेला घातला. कुठल्या गावचा, म्हणून विचारलं. गावाचं नाव ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा उमटलं नाही. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं.

जयवंता बाहेर कडुलिंबाखाली थांबला होता. सहदेवनं वाकून नमस्कार केला, त्यानं पाठीवर हात ठेवला. हात पूर्वीसारखा जड नव्हता. आईची खुशाली निघाली, बैल विकल्याचं निघालं, जयवंताची बायको सुभद्रा अजून माहेरीच असल्याचं निघालं. ती येते म्हणते, पण तिचा भाऊ पाठवत नाही. दोघं गाड्यांच्या अड्ड्याकडे चालत राहिले. तेल्हाऱ्याकडे जाणारी गाडी जुंपत होती, तेव्हा जयवंतानं विचारलं,

"थो मानूस कोन होता रे?"

"कोणता?"

"घागरवाला."

"कोणी नाही, दादा. ते उदाहरण होतं."

जयवंतानं गाडीच्या चाकावर हात टेकला. चेहऱ्यावर राग नव्हता. न समजलेली गोष्ट समजून घ्यायला निघालेल्या माणसासारखा दिसत होता.

"बरं बोलून राह्यला होता तू. लोकं गप बसले होते. पन त्यानं पानी काहून टाकलं, थे नाई सांगतलं तू."

"वेळ कमी होता," सहदेव म्हणाला.

"हं," जयवंता म्हणाला आणि गाडीत चढला. मागे वळून त्यानं शेला नीट घे, खाली लोंबतोय, एवढं सांगितलं. गाडी गेली.

शाळेकडे परतताना सहदेव त्याच्याशी बोलत राहिला. दादा, मले माफ कर... नाही, असं नाही. दादा, मी मुनीम लिहिला होता, हुकूम लिहिला होता, मी सारं खरं लिहिलं होतं... हे वडिलांपुढे म्हणायचं, आईपुढे म्हणायचं, सुभद्रावहिनीच्या भावाच्या दारात जाऊन म्हणायचं, या रविवारीच जायचं. आधी थोडक्यात सुरुवात, मग त्या पहाटेची हकीकत, मग... 'ज्या हातानं मला चालायला शिकवलं, त्या हातातली घागर तेवढी मी जगाला दाखवली.' तो रस्त्यात थांबला. वाक्य चांगलं होतं. त्यानं ते पुन्हा म्हणून पाहिलं, हळू, शुद्ध, आणि 'घागर' शब्दापाशी किती थांबावं ते अजमावू लागला. मग आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानात आलं. बाजूनं सरकीच्या गाड्या जात होत्या, कुणी हाक मारून वाट सोडायला सांगत होतं, आणि तो आपल्या मनात एखादा ओबडधोबड, अर्धा तुटका, घरचा शब्द शोधत उभा होता — जो कुणाला ऐकवण्याजोगा नसेल असा... पण जो जो सापडे तो आधीच धुतलेला निघे.