आत्याचा केक

बाबांनी डावीकडचा इंडिकेटर दिला आणि मी पोटात सुई टोचली.

आत्याकडे जाताना आम्ही दर वर्षी त्याच हॉटेलात जेवतो. इन्सुलिन जेवणाच्या थोडं आधी घ्यावं लागतं, म्हणजे अन्नातली साखर रक्तात उतरेपर्यंत तेही कामाला लागतं. मात्र एकदा आत गेलं की परत काढता येत नाही. जेवण आलं नाही, तर रक्तात असेल तेवढी साखर ते संपवत सुटतं.

"अरे, धाकट्याची गाडी!" बाबा ओरडले.

हॉटेलच्या आवारात काकांची पांढरी गाडी उभी होती. तेही आत्याच्याच वाढदिवसाला निघाले होते, आणि आधी कोण पोचतं यावरून दोघा भावांची दर वर्षी जुंपायची.

"बसू दे त्याला चरत," बाबा म्हणाले. इंडिकेटर बंद झाला. हॉटेल मागे पडलं.

"बाबा, मी इन्सुलिन घेतलंय."

"मग? दीड तासात पोचतोच की. तिथे जेव."

"मला आत्ता खायला लागेल."

"गोळ्या आहेत ना तुझ्या," आई पुढच्या सीटवरून म्हणाली.

दाराच्या कप्प्यात ग्लुकोजच्या गोळ्यांची नळी होती. मी ती हातावर उलटी केली. काहीच पडलं नाही. शेजारी बसलेला दादा खिडकीबाहेर बघायला लागला.

"संत्र्याची चव होती," तो म्हणाला. "मला वाटलं, तुझ्याकडे आणखी असतील."

दंडावरचा सेन्सर मोबाइलवर रक्तातली साखर ८८ दाखवत होता, बाण खाली. मग ७१, दोन बाण खाली. मोबाइल धोक्याचा इशारा देत वाजायला लागला.

"ती पिरपिर बंद कर," बाबा म्हणाले.

"कुठल्याही दुकानापाशी थांबवा ना. एक सरबताची बाटली, बस्स."

"आणि तेवढ्यात तो पुढे जाऊ दे? मागच्या वर्षी तुला उलटी होतेय म्हणून थांबलो. झाली का? धाकटा अजून चिडवतो मला त्यावरून."

"अहो, घाम आलाय हो तिला."

"मग एसी वाढव."

आईने एसी वाढवला.

५४. हात थरथरत होते, जीभ जड झाली होती. मेंदूला साखर कमी पडली की आधी राग येतो. मग राग कशाचा होता तेही आठवेनासं होतं. मला अजून आठवत होतं. दादाच्या मांडीवर रिबीन बांधलेला खोका होता. त्यात आत्यासाठी घेतलेला क्रीमचा केक.

"दादा, दे तो."

"वेडी आहेस का? आत्याचं नाव घातलंय त्यावर."

"हात लावशील तर बघ," बाबा आरशातून म्हणाले. "नसती ढोंगं."

मी खोका ओढला. दादाने सोडला नाही, पुठ्ठा फाटला. मी मूठ आत घालून हाताला लागेल ते तोंडात कोंबलं. आत्याचं अर्धं नाव माझ्या हनुवटीला लागलं. उरलेला केक सीटवर पडला. मी तो तिथूनच वेचून खाल्ला.

करकचून ब्रेक लागला. गाडी कडेला थांबली. बाबा धावत उतरले, मागचं दार उघडून वाकले, आणि मला वाटलं, आता माझ्याकडे बघतील.

"नवं कव्हर होतं गं! फडकं दे आधी, डाग बसेल!"

मला कोपराने सारून ते सीट पुसत होते. तेवढ्यात शेजारून काकांची गाडी हॉर्न वाजवत गेली.

आत्याकडे पोचल्यावर तो किस्सा बाबांनीच रंगवून सांगितला. "म्हणे हिला साखर चालत नाही! अख्खा केक उडवला पठ्ठीने!" सगळे हसले. काका तर डोळे पुसेपर्यंत हसले. आईसुद्धा हसली.

आत्याने ताट वाढलं. केकमुळे माझा आकडा आता भलताच वर गेला होता. इन्सुलिन लगेच घ्यायला हवं होतं.

"आज आधी नाही टोचून घेणार?" दादाने विचारलं.

बाबा माझ्या ताटाशेजारीच बसले होते. मी मान खाली घालून जेवत राहिले. शेवटचा घास गिळला, आणि मगच इन्सुलिनच्या पेनाचं टोपण काढलं.