ब्रेकबाईंची निळी गाडी

“पुन्हा ओघळला,” शिंपीबुवा म्हणाले.

ब्रेकबाईंनी स्प्रेचा डबा खाली ठेवला. गाडीच्या दारावर, अगदी कडेपाशी, निळ्या रंगाचा एक जाड थेंब सुटला होता आणि तो सावकाश खाली निघाला होता. त्याच्या शेजारी सकाळचे दोन ओघळ वाळून बसले होते.

“दिसतंय मला. डोळे आहेत.”

“मी कुठं काय म्हटलं? मी आपला मोजतोय.”

शिंपीबुवा म्हणजे बाईंचे यजमान. जन्मभर कपडे शिवल्यामुळे दुसऱ्याच्या कामातलं उसवलेलं त्यांना आधी दिसायचं. पण गाडीच्या काचा आणि दिवे त्यांनी वर्तमानपत्रानं असे झाकले होते की जणू माप घेऊन कोट शिवलाय. चिकटपट्टी कुठं तसूभरही वाकडी नव्हती. खोट होती ती बाईंच्या हातात, आणि ती का येते हे दोघांनाही कळत नव्हतं.

गाडी चाळीस वर्षांची, गोल दिव्यांची, फुगीर नाकाची. तिच्यावर बाईंनी अर्ध्या गावाला ड्रायव्हिंग शिकवलं होतं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, अडीअडचणीसाठी. बाईंची अडीअडचण दर पंधरा पावलांवर यायची. ब्रेकबाई हे नाव त्यावरूनच पडलं. बाईंच्या ते कानावर होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा थोडा अभिमानच होता. तीस वर्षांत एक अपघात नाही, असं किती जण सांगू शकतात?

गेल्या आठवड्यात तपासणी अधिकाऱ्यानं दारावर अंगठा दाबला आणि गंजलेला पापुद्रा त्याच्या हातात आला. “पुढच्या सोमवारपर्यंत रंगवून आणा,” तो म्हणाला, “नाहीतर शिकवणीचा परवाना इथंच ठेवून जा.” गॅरेजवाल्यानं रंगाचा जो आकडा सांगितला तो म्हणजे नाकापेक्षा मोती जड. म्हणून मग हार्डवेअरच्या दुकानातून हे स्प्रेचे डबे आले. पत्रा घासून, खड्डे भरून, अस्तराचा करडा हातही देऊन झाला. आज शुक्रवार होता. बाईंना घरी बसायचं नव्हतं, आणि शिंपीबुवांना तर त्या घरी बसायलाच नको होत्या. मग दिवसभराचे सगळे ब्रेक त्यांच्यावरच लागले असते.

“बाई, मी बघू का जरा?”

समोरच्या ब्युटी पार्लरची मालकीण रस्ता ओलांडून आली होती. बारा वर्षांपूर्वी ती बाईंकडे तीन महिने गाडी शिकली होती आणि परीक्षा न देताच यायची बंद झाली होती. तेव्हापासून दोघींत मान हलवण्यापलीकडे बोलणं नव्हतं.

“काय बघायचंय?”

“दोन दिवस खिडकीतून बघतेय. राहवेना. एकदा मारून दाखवा.”

बाईंनी डबा हलवला, पत्र्यापासून वीतभर लांब धरला आणि फवारा सोडला. हात सरळ गेला आणि कडेपाशी थांबला.

“हे बघा. कड आली की तुमचा हात थांबतो, पण बोट दाबलेलंच. तिथं रंग साचतो.”

“कड आल्यावर थांबायला नको?”

“नको. तसंच पुढं जायचं. हात दाराच्या बाहेर गेला की मग बोट उचलायचं.”

“बाहेर रंग फुकट जातो.”

“थोडा जाणारच. मी दिवसभर नखं रंगवते, बाई. पातळ थर, वाळू द्यायचा, मग परत पातळ. आणि हात मध्येच अडवायचा नाही.”

“गुरूची विद्या गुरूला,” शिंपीबुवा खूश होऊन म्हणाले.

“ही विद्या कुठली त्यांची,” पार्लरवाली हसत म्हणाली, आणि मग तिचं हसू ओसरलं. “खरं सांगू का, बाई? तीन महिने मी नुसतं स्टिअरिंग धरून बसले. गाडी तुम्हीच चालवलीत. वळण आलं की माझा पाय हलायच्या आत गाडी थांबलेली असायची. मला वाटलं, मला येतच नाही. सोडून दिलं.”

“आणि आदळली असतीस म्हणजे?”

“आदळलेही असते.”

बाई घरात निघून गेल्या. शिंपीबुवांनी पार्लरवालीकडे पाहून हात जोडले, आणि ती परत रस्ता ओलांडून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ओघळ पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासायला बसल्या. आतला पत्राही पुसून घ्यावा म्हणून त्यांनी दार उघडून पायपुसणी बाहेर काढली. शिकणाऱ्याच्या बाजूच्या ब्रेकचं रबर अजून खरखरीत होतं, त्यावरच्या रेघा बोटाला लागत होत्या. बाईंच्या बाजूचं रबर मधोमध झिजून खालचं लोखंड उघडं पडलं होतं आणि चमकत होतं. त्या बराच वेळ दोन्हींवरून बोट फिरवत राहिल्या. त्यांना लाज वाटली. एवढी माणसं या सीटवर बसून गेली, त्यातल्या कितींना आपण काही शिकवलं आणि कितींना नुसतं जपून घरी आणून सोडलं, हे आता विचारायचं तरी कुणाला?

“अहो,” त्यांनी हाक मारली. “तो डबा द्या.”

पहिल्या फटक्याला हात कडेशी अडखळलाच. दुसऱ्याला बाईंनी दात आवळले आणि हात तसाच पुढं जाऊ दिला, दाराच्या बाहेर, हवेत. मग बोट उचललं. थोडा निळा शिंपीबुवांच्या सदऱ्यावर गेला. ओघळ आला नाही. शिंपीबुवा सदऱ्याकडे न बघता दाराकडे बघत होते.

रविवारी संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्रं सोलून काढली. जवळून पाहिलं तर रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होता. “चार पावलं मागं ये,” शिंपीबुवा म्हणाले. “दुरून डोंगर साजरे.” चार पावलांवरून ती खरंच देखणी दिसत होती.

सोमवारी अधिकाऱ्यानं दारावर अंगठा दाबला. अंगठा कोराच राहिला. त्यानं गाडीला एक फेरी मारली.

“कुठं रंगवली?”

“अंगणात.”

“कळतंय ते,” तो म्हणाला आणि त्यानं सही केली.

बाई परतल्या, पण घरापाशी थांबल्या नाहीत. पार्लरसमोर गाडी लावून त्यांनी हॉर्न वाजवला.

“चल. शाळेमागचं मैदान रिकामं आहे. शिकाऊ परवाना मग काढ.”

“आत्ता? बाई, माझं वय झालं आता.”

“गाडीचंही झालंय. बस.”

मैदानात पोचल्यावर दोघींनी जागा बदलल्या. पार्लरवालीनं स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. समोरची भिंत जवळ येऊ लागली तशी तिनं सवयीनं बाईंच्या पायांकडे पाहिलं.

पाय खाली नव्हतेच. चपला काढून बाई सीटवर चक्क मांडी घालून बसल्या होत्या. दोन्ही हातांनी त्यांनी आपलीच पावलं आवळून धरली होती.

“समोर बघ,” बाई म्हणाल्या.

भिंत अजून जवळ आली. बाईंनी डोळे मिटले नाहीत. एक आचका बसला आणि गाडी थांबली. नव्या निळ्या नाकात आणि भिंतीत वीतभर अंतर होतं.

“वळवायला जमलं नाही,” पार्लरवाली म्हणाली.

“पण थांबवलीस तूच,” बाई म्हणाल्या. पावलं सोडायला त्यांना थोडा वेळ लागला. “आता मागं घे. परत करू.”