शेवटच्या नंबरची रेकॉर्ड

मित्रांनो, मी एक जुनी रेकॉर्ड आहे आणि मी भयंकर रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कोणाला चार शब्द सुनावले तर दचकू नका. तसा माझा आवाज कधी चढत नाही. तोच तर माझा गुन्हा ठरला.

माझा जन्म कारखान्यात झाला. काळ्या प्लॅस्टिकचा गरम गोळा दोन तापलेल्या साच्यांमध्ये ठेवला, वरून दाब आला आणि माझ्या दोन्ही अंगांवर बारीक रेघा उमटल्या. त्या रेघांत गाणी होती. एका कामगार बाईने माझी कडा साफ केली, मला उजेडात तिरकं धरून पाहिलं आणि म्हणाली, "छान झालीस गं." मला असं उघडपणे छान म्हणणारी माणसं पुढे फारशी भेटली नाहीत.

गाणी ज्याची होती, तो नावाजलेला रॉक गायक. त्याचे चाहते त्याला लाडाने 'म्हातारा' म्हणायचे, तेही तो चांगला तरणाताठा होता तेव्हापासून. म्हाताऱ्याची ख्याती होती ओरडण्याची. तो गायला लागला की खिडक्यांची तावदानं थरथरायची. माझ्या थोरल्या बहिणीही सगळ्या तशाच, दणदणीत आणि तोंडाळ. मग म्हाताऱ्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, वर्षभर ओरडायचं नाही. पण गप्प बसेल तर तो म्हातारा कसला! तो खुर्चीत बसला, साधी गिटार मांडीवर घेतली आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तितक्याच आवाजात गायला. ती गाणी म्हणजे मी.

चाहत्यांनी नाकं मुरडली. "म्हाताऱ्याने फसवलं आपल्याला," म्हणाले. माझं खरं नाव कोणाच्या तोंडी आलंच नाही. कोणीतरी मला 'झोपाळू' म्हणालं आणि तेच चिकटलं. दुकानात मी खालच्या फळीवर गेले, तिथून स्वस्त मालाच्या खोक्यात. त्या खोक्यातून मला चष्मेवाल्याने उचललं.

या चष्मेवाल्याचं भर रस्त्यावर चष्म्यांचं दुकान होतं. पुढे काउंटर, मोठा आरसा आणि गिऱ्हाइकांसाठी लांब बाक. मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र आणि त्याच्या शेजारी रेकॉर्ड प्लेअर. वरच्या मजल्यावर घर. म्हाताऱ्याच्या सगळ्या रेकॉर्ड त्याच्याकडे होत्या, फक्त मी नव्हते. संच पुरा व्हावा एवढ्याचसाठी त्याने मला घेतलं. घरी नेऊन एकदा वाजवलं, "हं" म्हणाला आणि फळीवर ठेवून दिलं.

मग त्याला मुलगी झाली. काय पोर होती! संध्याकाळ झाली की गळा काढायची तो थांबायचाच नाही. तिची आई नर्स, आणि पाळी नेमकी संध्याकाळची. बिचारा चष्मेवाला पोरीला खांद्यावर टाकून मागच्या खोलीत येरझाऱ्या घालायचा आणि हाताला लागेल ती रेकॉर्ड लावायचा. एकदा त्याने 'वीज' लावली. ही माझी सगळ्यात थोरली बहीण, चाहत्यांच्या गळ्यातला ताईत. तर पोरीने असा टाहो फोडला की शेजारचा शिंपी कात्री हातात घेऊनच धावत आला. मग माझी पाळी आली. माझी दुसरी बाजू. पहिलं गाणं संपायच्या आत पोर गप्प झाली आणि तिसऱ्या गाण्याला झोपली. चष्मेवाल्याने तिला अलगद गादीवर ठेवलं, स्टुलावर बसला आणि सुई उचलून पुन्हा पहिल्या गाण्यावर ठेवली. या खेपेला मी पोरीसाठी वाजत नव्हते.

त्या दिवसापासून मी त्याची झाले. पोर मोठी झाली, शाळेत गेली, तिला झोपवायची गरज उरली नाही, तरी दुकानाचं शटर खाली ओढलं की तो मला लावायचा. पोरही जिन्यावर बसून ऐकायची. तिला माझं प्रत्येक गाणं पाठ. चष्मेवाल्याचे वडील गेले त्या दिवसांत तर त्याने दुसरी रेकॉर्ड हातातच घेतली नाही. काचा पुसायच्या मऊ फडक्याने मला पुसता पुसता म्हणायचा, "तूच गं एक." मी खुळी! मला काय ठाऊक, हे प्रेम दार लावून करायचं आहे म्हणून.

कळलं ते एका रविवारी. दर रविवारी दुपारी दुकान बंद असताना म्हाताऱ्याचे चाहते तिथे जमायचे. त्यांचा म्होरक्या वीज मंडळात मीटर तपासायला जाणारा एक गडी होता. जिथे तिथे निवाडे करायचा म्हणून सगळे त्याला 'सरपंच' म्हणायचे. दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक रंगारी होता. आणखी तिघंचौघं असायचे. त्यांचा खेळ एकच, म्हाताऱ्याच्या रेकॉर्डना नंबर लावायचे. आमची सगळ्यांची कव्हरं त्या लांब बाकावर ओळीने मांडायची. आरशाकडचं टोक पहिल्या नंबरचं, दाराकडचं शेवटच्या. मग प्रत्येकाने आपली पाळी आली की कोणतंही एक कव्हर एक घर पुढे किंवा मागे सरकवायचं आणि का सरकवलं ते मोठ्याने सांगायचं. काय ते वाद! वाटावं, भावाभावांत जमिनीची वाटणी चालली आहे.

त्या रविवारी चष्मेवाल्याची पाळी आली आणि त्याने माझं कव्हर दाराकडे ढकललं. म्हणाला, "झोपाळू होय? झोपेची गोळी संपली तर उपयोगी आहे." सगळे खो खो हसले. आदल्याच संध्याकाळी, मित्रांनो, आदल्याच संध्याकाळी त्याने मला दोनदा वाजवलं होतं.

एकदा असंच झालं. मी वाजत असताना बाहेरून सरपंचाने शटर ठोठावलं. चष्मेवाल्याची अशी तारांबळ उडाली! झटकन मला उतरवलं आणि हाताशी 'वीज'चं कव्हर होतं त्यात कोंबलं. बाईसाहेब 'वीज' टेबलावर उघड्या होत्या, त्यांना माझ्या कव्हरात सारलं. सरपंच आत आला, प्लेअरजवळचं कव्हर पाहिलं आणि म्हणाला, "वा रे पठ्ठ्या! रोज 'वीज' ऐकतोस की काय?" चष्मेवाला म्हणाला, "तिच्याशिवाय दिवस जात नाही."

ही थाप त्याला इतकी सोयीची पडली की त्याने आमची कव्हरं पुन्हा बदललीच नाहीत. मी परक्या पाकिटात राहायला लागले. झिजायचं मी, आणि कौतुक 'वीज'चं! रविवारी तो कोणाला मशीनला हात लावू द्यायचा नाही. "सुई नाजूक आहे," म्हणायचा आणि सगळ्यांकडे पाठ करून ज्या कव्हरातून जी काढायची ती बरोबर काढायचा.

आणि मग म्हाताऱ्याने जाहीर केलं की आता गाणं पुरे, नवा अल्बम येणार नाही. त्या रविवारी सरपंच सगळ्यांत आधी हजर. म्हणाला, "आज कायमचे नंबर लावायचे. नंतर कोणी कव्हर हलवायचं नाही. आणि जी शेवटची येईल तिचं भिंतीवरचं घड्याळ करायचं. भोक मोठं करायला यंत्र चष्मेवाल्याकडे आहेच, आकडे रंगारी काढेल." त्याने खिशातून घड्याळाचे काटे आणि मागचं यंत्र काढून काउंटरवर ठेवलंसुद्धा. तेव्हा मला घाम फुटायचाच बाकी होता. भोक एकदा वाकडं झालं की रेकॉर्ड मेली म्हणून समजा.

चष्मेवाल्याची मुलगी त्या दिवशी घरीच होती. तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती आणि सकाळी निघायचं होतं. ती सगळ्यांसाठी चहा घेऊन आली आणि काउंटरला टेकून बघत उभी राहिली.

खेळ रंगला. 'वीज'चं कव्हर आरशाला जाऊन भिडलं. दाराकडे मी, आणि माझ्या अलीकडे 'बँडबाजा', म्हणजे म्हाताऱ्याने उगाच पिपाण्या भरून केलेला अल्बम. रंगाऱ्याची पाळी आली. त्याने डोकं खाजवलं आणि चक्क माझं कव्हर एक घर वर घेतलं. "निदान ही सुरात तरी आहे," म्हणाला. देव त्याचं भलं करो. आता शेवटचा 'बँडबाजा' होता आणि फक्त चष्मेवाल्याची पाळी उरली होती. त्याने दुसरं कोणतंही कव्हर हलवलं असतं तरी मी वाचले असते.

तो बाकापाशी आला. त्याचा हात माझ्या कव्हरावरून गेला, पुढे गेला आणि थबकला. सरपंच हसत म्हणाला, "काय रे, एवढा विचार? झोपाळूवर जीव जडला की काय?"

चेष्टाच होती ती. पण चष्मेवाल्याचे कान लाल झाले. "छे! काहीतरीच काय!" म्हणाला आणि त्याने मला दाराकडच्या टोकाला सारलं. कारण सांगायचं असतं, तर म्हणाला, "रडगाणं आहे नुसतं."

टाळ्या पडल्या. सरपंचाने लगेच माझं कव्हर उचललं आणि आतली रेकॉर्ड बाहेर ओढली. "अरेच्चा! ही तर 'वीज'! आणि अशी नव्यासारखी?" मग त्याने 'वीज'चं कव्हर उघडलं. त्यातून मी निघाले, वाजून वाजून करडी पडलेली. सरपंचाने मला उजेडात धरलं. "एवढी कोणी वाजवली रे हिला?"

मित्रांनो, तेव्हासुद्धा मला आशा होती. एवढा पुरावा समोर आल्यावर माणूस आणखी काय बोलणार?

"पोरीचे उद्योग," चष्मेवाला म्हणाला. "तिलाच असलं मिळमिळीत आवडतं. कव्हरांचा घोळही तिनेच घातला असणार."

मुलीने बापाकडे पाहिलं. तो फडक्याने एक चष्मा पुसत होता, जो आधीच स्वच्छ होता. ती म्हणाली, "हो. मीच वाजवते." मग काउंटरच्या पुढे येऊन म्हणाली, "बाबा, घड्याळ दुसऱ्या कशाचंही करा ना. ही मला द्या. मी घेऊन जाते उद्या."

"पोर मागते आहे, देऊन टाक की," रंगारी म्हणाला.

सरपंचही घुटमळला. "तू सांगशील तसं, गड्या. तुझी रेकॉर्ड."

म्हणजे बघा! सगळ्यांनी दार उघडून धरलं होतं, याने नुसतं आत यायचं होतं. पण याला भीती, आपण हळवे दिसू. जोरात हसला आणि म्हणाला, "नियम म्हणजे नियम! घड्याळ झाल्यावर ने की."

आणि त्यानेच मला यंत्राखाली धरलं. दुसऱ्या कोणी धरलं असतं तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. ज्या हाताने मला इतकी वर्षं पुसलं, त्याच हाताने त्याने माझा केसाने गळा कापला. त्याने माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, त्यामुळे भोक एका बाजूला सरकलं. मग रंगाऱ्याने माझ्या पहिल्या बाजूवर कडेकडेने पांढरे आकडे काढले. बिचारा पुन्हा पुन्हा मुलीकडे बघत होता. ती कपबशा गोळा करून वर निघून गेली होती. सकाळी गावी जाताना ती दुकानातून आलीच नाही, मागच्या जिन्याने गेली. घड्याळ तिने नेलं नाही.

आता मी आरशाच्या वर असते. दुसरी बाजू भिंतीकडे. गिऱ्हाईक विचारतं, "किती वाजले?" आणि माझ्याकडे बघतं.

दुकान बंद झालं की चष्मेवाला स्टुलावर चढून मला खाली काढतो. रोज नाही, पण काढतो. सेल काढतो, काटे आणि मागचं यंत्र उतरवतो आणि मला प्लेअरवर दुसऱ्या बाजूने ठेवतो. भोक वाकडं असल्यामुळे मी हेलकावे खाते. माझा सूर वर जातो, खाली येतो, दारू प्यायलेल्या माणसासारखा. तरी तो शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकतो आणि रडतो. मला त्याची दया यायला हवी, पण येत नाही. मग तो काटे होते तसेच बसवून मला भिंतीवर टांगतो. डोळे पुसण्याच्या नादात वेळ जुळवायचं राहून जातं, आणि एक बाजू वाजायला लागतो तेवढा वेळ मी मागे पडते.

गेल्या रविवारी मुलगी घरी होती, आदल्या दिवशी आलेली. बऱ्याच दिवसांनी आली, आणि आली तीही पाहुण्यासारखी. मंडळी जमली होती. सरपंच मनगटावर बघून म्हणाला, "अरे, हे घड्याळ नेहमी मागे कसं?"

मुलीने वर माझ्याकडे पाहिलं आणि तिला समजलं, बाप मला अजून उतरवून वाजवतो. ती बापाच्या तोंडाकडे बघत थांबली. मीही थांबले.

"सेल उतरला असेल," चष्मेवाला म्हणाला.

"सेल नवा आहे, बाबा. काल आल्या आल्या मीच घातला, वेळही लावली," ती हळू आवाजात म्हणाली.

"मग रेकॉर्डचाच दोष!" सरपंच म्हणाला. "शेवटच्या नंबरची ती, वेळेवर कशी चालेल?" सगळे हसले. त्या हसण्यात चष्मेवाल्याचं हसू मला वेगळं ओळखू आलं. मुलीने पर्स उचलली आणि संध्याकाळच्या गाडीऐवजी दुपारच्याच गाडीने निघून गेली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तू पुसा, नीट कव्हरात ठेवा, उन्हात टाकू नका. एवढं तुम्ही कराल, शहाणी मुलं आहात. पण माझी विनंती दुसरीच आहे. एखादी वस्तू, एखादं गाणं, एखादं माणूस तुम्हाला मनापासून आवडत असेल, तर चारचौघांत कोणी विचारलं की "हो, आवडतं" म्हणा. लोक हसतील, हसू देत. हसणारे संध्याकाळी आपापल्या घरी जातात. मला तेवढे दोन शब्द हवे होते. त्याच्या पोरीलाही तेवढेच हवे होते.