अप्पांच्या नावेचा गाडा

वडिलांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तसं चन्नम्मानं त्यांना कुरुंदवाडहून कोल्हापुरात आणलं. घर उद्यमनगरात, नवऱ्याच्या वर्कशॉपच्या पाठीमागंच. बाळाप्पा शेतीची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. दिवसभर ठोकाठोक, डिझेलचा धूर, आणि आत कॉटवर अप्पा भिंतीकडं तोंड करून पडलेले. जन्म कृष्णेच्या काठावर गेलेला माणूस. जेवण दोन घासांवर आलं होतं, बोलणं त्याहून कमी.

एके दिवशी चन्नम्माचा भाऊ सिद्धलिंग भेटायला आला. उठता उठता म्हणाला, "अप्पा, नवा पूल झाल्यापास्नं पलीकडच्या मळ्यातला चारा आता गाडीनंच येतोय. नाव नुस्ती पडून हाय, पाक भेगाळल्या. फोडून जळणाला घ्यावं म्हंतो."

"फोड की," अप्पा भिंतीलाच म्हणाले. "लाकूडच ते."

त्या दुपारी त्यांनी ताटाला हातही लावला नाही. चन्नम्मा पदरानं डोळे पुसत चुलीपाशी बसून राहिली. बाळाप्पाला ते बघवेना. संध्याकाळच्या एस्टीनं निघालेल्या मेव्हण्याला गाठायला तो स्टँडवर गेला.

"नावंला कुऱ्हाड लावू नगा. मी आणतो तिला हितं."

"कशी? नदीनं आणावी तर वाटंत बंधारं हाईत."

"रस्त्यानं आणतो. गाडा करतो."

भंगारातनं त्यानं जुन्या जीपचा मागचा एक्सल उचलला, लोखंडी चॅनेल कापले, त्यावर आडवे अँगल मारले. इंजिन वाहून न्यायला लागतो तसाच सपाट, दणकट गाडा. चन्नम्मानं अप्पांची कॉट वर्कशॉपच्या दाराशी आणली आणि लखलखाटानं डोळे जाऊ नयेत म्हणून वेल्डिंगची काळी काच त्यांच्या उजव्या हातात दिली. ग्रहण बघावं तसे अप्पा बघत राहिले. गाडा उभा राहिल्यावर काच खाली करून म्हणाले, "पावणं, ह्याच्यावर म्हस न्या. नाव न्हाय बसायची."

"बसंल की! लोखंड हाय, मोडतंय व्हय?" बाळाप्पा हसून म्हणाला. सासरा कधी नव्हे ते बोलला, याचंच त्याला इतकं बरं वाटलं की काय बोलला तिकडं त्याचं लक्षच नव्हतं.

शेजारच्या गणपतरावांच्या जीपला गाडा जोडून बाळाप्पा आणि ते कुरुंदवाडला गेले. गावच्या माणसांनी नाव उचलून गाड्यावर ठेवली, दोरखंड आवळले. शिरोळ सोडलं आणि गाडा शेपूट हलवायला लागला. आधी हळू, मग असा की जीपचं बूडच उचलायला लागलं. "आरं धरा, धरा!" करत गणपतरावांनी जीप कशीबशी थांबवली, तोवर गाडा बांधावरून उसात शिरला होता. नावेच्या कुशीची एक फळी तडकली. नाव तिथल्याच एका शेतकऱ्याच्या खळ्यावर ठेवून दोघं मोकळा गाडा घेऊन परतले.

बाळाप्पाला घरात पाय टाकवेना. दारातच उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. अप्पांचे खांदे हलायला लागले. चन्नम्माला वाटलं, रडतात. बघते तर म्हातारा हसत होता.

"उलार झाली! बूड जड झाल्यावर बैलगाडी कशी उलारती? आरं बाळ्या, जल्मात कधी गाडी भरलीस का न्हाईस?"

"अप्पा! जावई हाय त्यो," चन्नम्मा चपापून म्हणाली.

"असू दे की. गाडा चुकलाय त्येचा. खडू आण."

लग्नापासून आजवर 'पावणं' म्हणून अंतरावर ठेवलेल्या जावयाला म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. बाळाप्पा धावतच खडू घेऊन आला. अप्पांनी चालत्या उजव्या हातानं फरशीवर रेघा ओढल्या. चाकं मागं सरकव, म्हणजे वजन पुढं जीपवर येईल. मधले अँगल काप. नाव आपल्या कण्यावर बसते, बरगड्यांवर नाही. तेव्हा मधोमध बाभळीचं लांब लाकूड टाक, कुशीला नुसता गोणपाटाचा आधार दे.

मग काम जुंपलं आणि दोघांची भांडणंही. अप्पा ओरडायचे, बाळाप्पा उलटून बोलायचा, चन्नम्मा दोघांना भाकरी वाढायची आणि दोघंही ती संपवायचे. उसाच्या मोडक्या चरकाचे रूळ बाभळीच्या लाकडावर बसवायची युक्ती मात्र बाळाप्पाची. त्यावरनं नाव आपोआप पाण्यात घसरणार होती. अप्पांनी एक रूळ फिरवून पाहिला. "हं," म्हणाले. जीप काठच्या चिखलात रुतू नये म्हणून बाळाप्पानं गाड्याचा दांडाही लांब केला.

दुसऱ्या खेपेला अप्पा हट्टानं जीपमध्ये पुढं बसले. गाडा सुतासारखा सरळ आला. पंचगंगेच्या घाटापलीकडं, म्हशी उतरतात त्या उतारावर, नाव रुळांवरून सुळ्ळकन पाण्यात गेली, आणि बघता बघता भेगांतून पाणी भरून तळाला बसली.

"गेली की ओ!" गणपतराव ओरडले. बाळाप्पाचा चेहरा उतरला.

"कुठं जात्या?" अप्पा शांतपणे म्हणाले. "उन्हात वाळून तहानल्या ती. पिऊ दे पोटभर."

लाकूड फुगून भेगा मिटेपर्यंत नाव काठाला बांधून तशीच पाण्यात ठेवली. मग तडकलेल्या फळीवर पट्टी मारली, पाणी उपसलं, आणि एका रविवारी अप्पांना उचलून नावेत मधोमध बसवलं. बाळाप्पा काठावरच गाड्याचे नट आवळत राहिला.

"या की! गाडा काय पळून चाललाय व्हय?" चन्नम्मानं हाक मारली.

"मला पवाय येत न्हाय," तो पुटपुटला.

"मला येतंय. बसा."

तो बसला, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून. चन्नम्मानं पदर खोचला आणि वल्हं हातात घेतलं. "उजवीकडनं दाब," अप्पा म्हणाले. "म्हाईत हाय मला," ती म्हणाली. तिचे हात असे लयीत चालताना बाळाप्पानं कधी पाहिलेच नव्हते. अप्पा चालता हात पाण्यात सोडून बसले होते.

नाव मधोमध आली तेव्हा बाळाप्पानं हळूच एक हात सोडला. दुसरा मात्र काठ येईपर्यंत सोडला नाही.